अर्ज आपला, हात दुसऱ्याचा

गेल्या श्रावणातील एका रविवारी माझा भाचा घरी जेवायला आला होता. तो येथेच जालन्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. बाराव्या-तेराव्या वर्षापासून त्याची दृष्टी मंदावू लागली आणि पदवीच्या वर्गात जाईपर्यंत ती पूर्णपणे गेली. जेवण आटोपल्यावर मी काहीशा अभिमानानेच त्याला सांगितले की, आमच्या मंडळाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज यंदा प्रथमच संकेतस्थळावरून मागवले आहेत. आता झेरॉक्सची रांग नाही आणि टपालाचा विलंबही नाही. मंडळाचा खजिनदार या नात्याने या कामाची सारी उस्तवार मीच केली होती. तो म्हणाला, "मामा, मी एकदा भरून पाहू का? मी विद्यार्थी आहे असे समजा."

त्याने आपला लॅपटॉप उघडला आणि मलाही ऐकू यावे म्हणून आवाज मोकळा ठेवला. तो माउस वापरत नाही. टॅबची कळ दाबत एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जातो आणि तेथे काय लिहावयाचे ते संगणक त्याला बोलून सांगतो. पहिल्या चौकटीवर संगणक म्हणाला, "एडिट, ब्लँक." दुसऱ्या चौकटीवरही तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या चौकटीवरही तेच. "मामा, नाव कुठे लिहायचे आणि वडिलांचे उत्पन्न कुठे, हे तुम्हाला दिसते. मला नुसत्या रिकाम्या चौकटी ऐकू येतात," तो म्हणाला. मी शेजारी बसून सांगू लागलो, तर त्याने हात वर करून थांबवले. जन्मतारखेपाशी दिनदर्शिकेचे चित्र होते. ते माउसनेच उघडत होते, कळफलकावरून तारीख टाइप करण्याची सोय नव्हती. अखेरीस वाकड्यातिकड्या अक्षरांचे ते चित्र आले, ज्यातील अक्षरे ओळखून आपण यंत्र नसून मनुष्य आहोत हे सिद्ध करावे लागते. त्याने अंदाजाने काही लिहिले आणि 'सादर करा' दाबले. संगणक गप्प. पडद्याच्या माथ्यावर तांबड्या अक्षरांत 'लाल रंगातील रकाने पुन्हा तपासा' असे झळकत होते, पण ते फक्त मला दिसत होते. तो थोडा वेळ थांबला, मग त्याने झाकण मिटले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले, "मामी, चहा झाला का?"

त्या दिवशी मला जे उमगले ते तांत्रिक दृष्ट्या फार गहन नाही. दृष्टिहीनांसाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. भाचा वापरतो ती 'एनव्हीडीए' ही प्रणाली मायकल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातील दोघा दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली सुरू केली. ती विनामूल्य आहे आणि मराठीही वाचते. अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'टॉकबॅक' या नावाने अशीच सोय असते. यंत्र वाचायला तयार आहे. अडते ते अर्जाच्या रचनेपाशी. 'विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव' ही अक्षरे आमच्या अर्जात चौकटीच्या डावीकडे ठळक छापलेली होती, परंतु त्या अक्षरांचे त्या चौकटीशी असलेले नाते केवळ डोळ्यांनी जुळत होते. 'हे लेबल या चौकटीचे' असे संगणकाच्या आतल्या लिखाणात सांगावे लागते, आणि ते आमच्या अर्जात कोठेही सांगितलेले नव्हते. बँकेत आम्ही पैसे भरण्याच्या चलनावर कोणता रकाना कशाचा हे न छापता कोरा कागद खातेदाराच्या हाती दिला असता, तर त्याने काय केले असते?

हा प्रश्न लिहिताना मला एक जुनी गोष्ट आठवते आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९६-९७ च्या सुमारास मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. गावात एक दृष्टिहीन संगीत शिक्षक होते. त्यांनी बचत खात्यावर चेकबुक मागितले. दृष्टिहीन खातेदाराला चेकबुक द्यायचे नाही, पैसे काढताना त्याने स्वतः यावे आणि सोबत डोळस साक्षीदार आणावा, अशी तेव्हा आमच्याकडे रूढ पद्धत होती. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि अत्यंत नम्रपणे नकार दिला. ते म्हणाले, "साहेब, नोटा मी बोटांनी ओळखतो. माझ्या पैशाला दुसऱ्याचे डोळे कशाला?" मी म्हणालो, "हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे." अखेर धाकट्या भावासोबत संयुक्त खाते उघडण्याचा सल्ला मी दिला आणि त्यांनी तो मानला. पासबुक भावाकडे असे. दीड-दोन वर्षांनी एके दिवशी ते काठी टेकत एकटेच आले आणि शिल्लक विचारली. मी आकडा सांगितला. तो ऐकून ते बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. मी काही विचारले नाही. विचारायला हवे होते.

रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक ४ जून २००८ रोजी आले. चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्जे, क्रेडिट कार्ड या सर्व सोयी दृष्टिहीन ग्राहकांना कोणताही भेदभाव न करता द्याव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तोवर माझी बदली दुसऱ्या शाखेत झाली होती. ते परिपत्रक मी वाचले, आद्याक्षरी केली आणि फाईलला लावले. संगीत शिक्षकांना पत्र लिहून कळवावे असे मनात आले होते, पण ते राहून गेले.

चेकबुकाचा प्रश्न कागदावर तरी सुटला, पण पुढे काउंटरच संकेतस्थळावर गेले. खाते, विमा, पेन्शन, शिष्यवृत्ती, परीक्षेचा फॉर्म, फार काय, स्वतःच्या दिव्यांगत्वाचा दाखलासुद्धा. १ जून २०२१ पासून हा दाखला 'यूडीआयडी' या केंद्रीय पोर्टलवरूनच काढावा लागतो. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याने आपल्याला दिसत नाही हे सिद्ध करण्यासाठी आधी संकेतस्थळावरील अर्जाशी झटायचे! २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांतील २९ लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. तेव्हा मोबाइलवरून अर्ज भरण्याची सक्ती आजच्याइतकी नव्हती.

या विषयाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत कशी मजल मारली, हे वाचकांना ठाऊक असावे. २०२३ साली प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या भगिनी बँकेत खाते उघडण्यास गेल्या. डिजिटल केवायसीमध्ये समोरची व्यक्ती जिवंत आहे, छायाचित्र नव्हे, याची खात्री पटावी म्हणून कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगतात. हल्ल्यात डोळ्यांना झालेल्या इजेमुळे त्यांना ते शक्यच नव्हते. आम्ही निवृत्त मंडळी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवरून देताना अशाच पापण्या मिचकावतो आणि त्यावर विनोदही करतो. विनोद आपल्याला परवडतो. दुसरी याचिका होती मुंबईतील वकील अमर जैन यांची. ते पूर्णतः दृष्टिहीन आहेत. चेहरा चौकटीच्या मधोमध आणणे, पडद्यावरचा संकेतांक ठरावीक सेकंदांत वाचणे, कागदाचा फोटो सरळ काढणे या प्रत्येक पायरीवर दुसऱ्याची मदत घ्यावी लागते, हे त्यांनी न्यायालयासमोर मांडले.

न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी दोन्ही याचिकांवर एकत्र निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी म्हटले आणि वीस निर्देश दिले. पापण्या मिटण्याला पर्याय द्यावा, अंगठ्याचा ठसा डिजिटल केवायसीतही स्वीकारावा, कागदी मार्ग बंद करू नये, यंत्राने फेटाळलेला अर्ज माणसाने पुन्हा पाहावा, संकेतस्थळांची वेळोवेळी सुगम्यता तपासणी व्हावी आणि नवी प्रणाली सुरू करण्यापूर्वी ती दृष्टिहीन व्यक्तींकडून वापरून पाहावी, असे त्यांचे स्वरूप आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या केवायसी निर्देशांत बदल केले. जिवंतपणाच्या तपासणीमुळे विशेष गरजा असलेली कोणतीही व्यक्ती वगळली जाऊ नये, असे त्यांत आले. अंगठ्याविषयीच्या निर्देशाने मला विशेष समाधान वाटले. आमच्या उमेदवारीच्या काळात निम्मी शाखा अंगठ्यावर चालत असे. नंतर सही हीच सभ्यतेची खूण ठरली आणि अंगठा हास्यास्पद झाला.

नियम त्याआधीही होतेच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि माहिती-तंत्रज्ञान सुगम्य असावे असे बजावले. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत. जागतिक पातळीवर 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम' या संस्थेची तत्त्वे तर १९९९ पासून आहेत आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांची २.२ ही आवृत्ती आली. ही तत्त्वे मी भाच्याच्या मदतीने चाळली आणि जुन्या बँकवाल्याला त्यात बरेच ओळखीचे भेटले. कायदेशीर वा आर्थिक स्वरूपाचा अर्ज असेल तर भरणाऱ्याला तो अंतिम सादरीकरणापूर्वी तपासून दुरुस्त करता यावा, किंवा सादर केल्यावर मागे घेता यावा, असे एक तत्त्व आहे. आमच्याकडे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, असा दंडक होता. येथे अर्जदारालाच तपासनिसाची संधी मिळते. दुसरे तत्त्व वेळेचे. मुदत संपून सारे भरलेले पुसले जाण्यापूर्वी सूचना द्यावी आणि साध्या कृतीने मुदत वाढवून घेण्यासाठी किमान वीस सेकंद द्यावीत. तिसरे म्हणजे, एकदा दिलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा मागू नये. कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता एकच असताना तो दोनदा लिहून ज्यांची बोटे दुखली आहेत, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको. खाते क्रमांक दुसऱ्यांदा भरताना 'पेस्ट' बंद ठेवण्याची प्रथा मात्र आजही अनेक ठिकाणी दिसते. हात थरथरणाऱ्या माणसासाठी ती शिक्षाच असते.

मराठीच्या काही खास अडचणी आहेत. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर आपल्याला सुबक मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास असते. युनिकोड आल्याला इतकी वर्षे झाली तरी आपल्या अनेक संस्थांची पत्रके, नियमावल्या आणि अर्जांचे नमुने अजून त्या फाँटातून बाहेर पडलेले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे कागदावर छापून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो काढून चढवलेली पीडीएफ. स्क्रीन रीडरपुढे ती नुसते चित्र. आमच्या मंडळाची नियमावली अशीच होती. चौथ्या पानावर तर शिक्का उलटा होता. शिवाय पानाची भाषा मराठी आहे असे आत नमूद केलेले नसले तर इंग्रजी आवाज मराठी अक्षरांशी झगडत राहतो. सरकारी अनुवादाची अवजड मराठी ही आणखी एक तटबंदी. 'पाल्याचे विद्यमान शैक्षणिक अर्हतेचे वर्ष' म्हणजे 'मुलगा सध्या कितवीत आहे', हे समजायला बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीलाच कशाला, माझ्या एम.कॉम. पदवीलाही क्षणभर थांबावे लागले.

येथे कोणी म्हणेल, मदतीला माणसे आहेत ना! आपल्या जिल्ह्यात भोकरदनपासून मंठ्यापर्यंत कोठेही जा, बाजारपेठेत 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी दिसते. ही सेवा केंद्रे नसती तर निम्मा जिल्हा योजनांपासून वंचित राहिला असता, हे मी मनापासून मान्य करतो. पण तेथील व्यवहार जरा बारकाईने पाहावा. घाईत अर्जावर मोबाइल क्रमांक केंद्रचालकाचाच पडतो, म्हणून पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. पासवर्ड त्यानेच ठरवलेला असतो आणि तो त्याच्या वहीत असतो. अर्जदाराला आपण काय सादर केले हे पावतीवरून कळते, ती वाचता आली तर. डोळसांच्या बाबतीत ही गैरसोय असते. दृष्टिहीनाच्या बाबतीत त्याचे उत्पन्न, आजार, बँकेची शिल्लक हे सारे भर बाजारात मोठ्याने उच्चारले जाते. घरातला माणूस मदत करतो तेव्हाही गोपनीयता उरत नाही. संगीत शिक्षकांचे पासबुक भावाकडे होते, एवढेच येथे पुन्हा सांगतो.

आपल्या समाजात जयपूर फूटची शिबिरे नवी नाहीत. रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आणि पुढे सेबीचे अध्यक्ष झालेले डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. आमच्या क्षेत्रातील माणसाने उभे केलेले एवढे मोठे काम, म्हणून मला त्याचा नेहमीच अभिमान वाटत आला आहे. त्या शिबिरात कोणी असे म्हणत नाही की, तू बैस, तुझ्या वतीने मी चालून येतो. पाय बसवतात आणि त्याला चालू देतात.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी अर्ज दुरुस्त करण्याचा विषय काढला. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "असे विद्यार्थी येतात तरी किती? आजवर एकही आल्याचे स्मरत नाही." त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. मी म्हणालो, "दुकानाला पाच पायऱ्या ठेवायच्या आणि चाकाच्या खुर्चीवरचे गिऱ्हाईक किती आले ते मोजायचे, असा हा हिशेब झाला." थोडी कुजबुज झाली. मग माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर फिक्या राखाडी अक्षरांचा हाच अर्ज मलाही वाचता येत नव्हता, हे मी कबूल केले आणि तेव्हा आणखी दोघांनी चष्मे काढून मान हलवली. खर्च किती, असा प्रश्न आला. संकेतस्थळ करून देणारा तरुण नव्या जालन्यातलाच. त्याने हिशेब सांगितला : दोन संध्याकाळी, आणि वेगळे पैसे नकोत, कारण लेबले लावणे हे त्याने मुळातच करायला हवे होते.

त्याप्रमाणे प्रत्येक चौकटीला लेबल लागले. तारीख टाइप करता येऊ लागली. अक्षरांचे चित्र काढून त्याऐवजी ईमेलवर दुवा पाठवण्याची सोय केली. चूक झाली तर आता केवळ लाल रंग दिसत नाही. 'वार्षिक उत्पन्नाचा रकाना रिकामा आहे, आकडा लिहा' असे वाक्य येते, संगणक ते वाचतो आणि कर्सर त्याच चौकटीत जाऊन थांबतो. मूळ अर्जात 'पडताळणीसाठी दूरध्वनी केला जाईल' असे होते. कर्णबधिर विद्यार्थी तो फोन कसा घेणार, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. ते भाच्याने दाखवले. आता तेथे एसएमएसचा पर्याय आहे. नियमावली युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. अकरा पाने टाइप करताना आमचेच चार नियम परस्परविरोधी असल्याचे आढळले, तो विषय वेगळा.

भाद्रपदात भाचा पुन्हा आला. या वेळी मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो, म्हणजे सांगण्याचा मोह नको. नऊ मिनिटांनी त्याने हाक मारली. सारे रकाने भरून झाले होते, पण शेवटच्या ठिकाणी संगणक नुसते 'बटन' म्हणत होता. 'अर्ज सादर करा' ही अक्षरे त्या तरुणाने हौसेने चित्रात काढली होती आणि चित्राला नाव द्यायचे राहिले होते. मी लगेच फोन लावला. सोमवारी दुपारपर्यंत ते झाले.

उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो मात्र अजून अडतो. फोटो सरळ आला की तिरपा, कडा कापल्या गेल्या का, हे दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्वतः कळत नाही आणि त्यावर आमच्या तरुणाकडेही उपाय नाही. सध्यापुरता मंडळाने असा ठराव केला आहे की, दाखला अर्जासोबत चढवणे बंधनकारक नसावे. अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत मूळ प्रत कार्यालयात दाखवावी किंवा टपालाने पाठवावी. टपालाचा विलंब संपला म्हणून मी श्रावणात जी बढाई मारली होती, ती भाच्याने ठराव ऐकताच मला आठवून दिली.